कोनाड्यातला कप

परंड्याहून एक छापील पत्र आलं आहे. स्टँडशेजारच्या वानर महाराजांच्या समाधीचा जीर्णोद्धार झाला, वर सिमेंटचा कळस चढला, आता स्मरणिका काढायची आहे. आपण त्या काळी इथं शिक्षक होता, महाराजांच्या लीला आपण डोळ्यांनी पाहिल्या आहेत, तरी आठवणींची दोन पानं पाठवून उपकृत करावं. खाली दहा-बारा सह्या आहेत. त्यातल्या दोन माझ्याच विद्यार्थ्यांच्या. अक्षर अजून तसंच गचाळ आहे.

पत्र वाचून मी उठलो आणि उगाच स्वयंपाकघरात दोन भांडी आपटली. सुनेनं काय झालं विचारलं, तर तिच्यावरही खेकसलो. महाराज म्हणे. अरे, ते मदाऱ्याचं पळालेलं माकड होतं. दोरी घासून घासून त्याच्या गळ्याभोवतीचे केस गेले होते, तो पट्टा मी रोज सकाळी बघत होतो. त्याच्या लीला मी पाहिल्या हे खरं आहे. पण त्या ज्याच्या हॉटेलात झाल्या, त्या माणसाचं नाव या अख्ख्या पत्रात कुठं नाही. तेव्हा दोन पानं लिहितो, पण ती अप्पांची. छापतील असं मला वाटत नाही.

शिवलिंगअप्पा हे त्यांचं पूर्ण नाव. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हा माझी पहिली नेमणूक परंड्याला झाली. कुर्डुवाडीची मोटारगाडी जिथं थांबायची त्याच्या समोर अप्पांचं पत्र्याचं हॉटेल होतं. चार बाकडी, एक भट्टी आणि मागं काशाक्का, म्हणजे अप्पांची बायको, भज्यांचं पीठ भिजवत बसलेली. हॉटेलला पाटी नव्हती. कुणी विचारलं तर अप्पा म्हणायचे, भूक लागलेल्याला वाचायला सवड नसते.

कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बाराबंदी आणि नाकावर राग. त्यांचा राग आणि भट्टीतला जाळ एकाच वेळी पेटायचा आणि बहुतेक वेळा जाळ आधी विझायचा. साखर जास्त मागितली तर रागवायचे, कमी मागितली तरी रागवायचे. सगळ्यांत जास्त चिडायचे ते कपात चहा टाकून उठणाऱ्यावर. एकदा तालुक्याला नवे आलेले एक साहेब अर्धा कप तसाच ठेवून निघाले. अप्पा भट्टीवरून उठून दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, दूध म्हशीनं दिलंय साहेब, तुमच्या कचेरीनं न्हाय. साहेबांनी परत बसून कप संपवला. पुढं ते साहेब बदली होईपर्यंत तिथंच चहाला येत राहिले, आणि कप चाटून पुसून ठेवत.

दुसरं वेड कपांचं. पांढरे, निळ्या काठाचे, दोन डझन कप त्यांनी सोलापुरातून आणलेले होते. ती गवत भरलेली पेटी टपावर टाकायला त्यांनी नकार दिला होता आणि कुर्डुवाडीपासून सगळी वाट मांडीवर घेऊन आले होते, असं काशाक्का सांगायच्या. कपाचा एवढासा टवका उडाला की अप्पा तो दारातल्या दगडावर स्वतःच्या हातानं फोडत आणि सोलापूरला जाणाऱ्या कुणाला तरी तसाच जोड आणायला सांगत. फुटक्या कपात च्या द्यायचा तर दुकानाला कुलूप घालीन, हे त्यांचं वाक्य मी पन्नासदा ऐकलं असेल.

आता जे सांगणार आहे ते सांगताना मला अप्पांचाही राग येतो, तो लपवत नाही. हॉटेलच्या दाराबाहेर भिंतीत एक कोनाडा होता. त्यात दोन कप पालथे ठेवलेले असत. गावकुसाबाहेरच्या माणसांसाठी. सटवाजी नावाचा हमाल गाडीच्या टपावर सामान चढवायचा. चार मण ओझं उचलून उतरला की तो कोनाड्यातला कप काढून उकिडवा बसायचा, अप्पा वरून हातभर अंतरावरनं चहा ओतायचे, तो पिऊन, राखेनं घासून, धुऊन, कप परत पालथा ठेवायचा. कायद्यानं हे बंद झालेलं होतं. कायदा कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेला होता आणि कप कोनाड्यात होते. गंमत अशी, की याच सटवाजीनं उचललेली लोणच्याची बरणी गावाला चालायची, त्यानं डोक्यावरून आणलेलं गव्हाचं पोतं चालायचं.

इतर हॉटेलांत बाहेरच्या माणसांना कान तुटलेला कप नाही तर पत्र्याचा डबा असे. अप्पांना फुटकं काही चालत नसल्यानं त्यांनी कोनाड्यातही त्याच दोन डझनांतले दोन कप ठेवले होते. आतले आणि बाहेरचे कप शेजारी ठेवले तर ब्रह्मदेवालाही ओळखू येणार नाहीत, असे. पुढं जे झालं ते एवढ्यावरून झालं.

माकड आलं ते पावसाळा संपता संपता. एक मदारी गाडीची वाट बघत अप्पांच्या दारात बसला होता, त्याचा डोळा लागला आणि माकड दोरी सोडवून पत्र्यावर गेलं. मदाऱ्यानं दोन दिवस हाका मारल्या आणि मग तो शिव्या देत निघून गेला. माकड राहिलं.

त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं सोडलं नाही. रिकामा कप दिसला की उचलायचं, दोन पायांवर उभं राहायचं आणि कप पुढं धरून बाकड्याबाकड्यानं फिरायचं. लोकांना हसू आवरेना. कुणी भजं टाकी, कुणी चहा ओती. कुणी काही टाकलं नाही तर माकड त्याची टोपी काढून पत्र्यावर जाई. एकदा कंडक्टरची शिट्टी पळवून ते वर बसून वाजवत राहिलं आणि गाडी दोनदा सुटता सुटता थांबली. उतारूंनी कंडक्टरला शिव्या घातल्या, कंडक्टरनं अप्पांना घातल्या आणि अप्पांनी भट्टीतलं जळतं लाकूड घेऊन माकडाचा स्टँडभर पाठलाग केला. परत आले तेव्हा माकड त्यांच्याच जागेवर, भट्टीपाशी बसून, पातेल्यात झारा फिरवत होतं. मी इतका हसलो की मला ठसका लागला. काशाक्काही पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पांनी त्या दिवशी आम्हा दोघांशी अबोला धरला.

त्या माकडाला बघायला म्हणून खेड्यापाड्यांतली माणसं अप्पांकडं थांबू लागली. बाकडी पुरेनाशी झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं माकडाला हार घातला असता. अप्पा म्हणायचे, मी च्या विकतो, माकड विकत न्हाय.

हार घातला तो माणिकशेटनं. माणिकशेट म्हणजे कापडाचा मोठा दुकानदार, गावच्या मारुतीचा कारभार त्याच्याकडं. रोज सकाळी पहिल्या बाकड्यावर बसून दोन कप चहा आणि जिलबी. एका शनिवारी माकडानं त्याच्या हातातला कप ओढून घेतला, दोन घोट प्यालं आणि कप परत त्याच्यासमोर धरला. आता भडका उडणार असं सगळ्यांना वाटलं, कारण माणिकशेटही रागीटच होता. माणिकशेटनं टोपी काढली, हात जोडले आणि तो उष्टा चहा, मारुतीरायाचा प्रसाद म्हणून, सगळ्यांच्या देखत पिऊन टाकला. त्या दिवसापासून माकडाचा मारुतीराव झाला. शनिवारी त्याला शेंदराचा टिळा लागू लागला. मानेभोवतीचा तो दोरीचा पट्टा झेंडूच्या हाराखाली झाकला गेला. अप्पा एवढंच म्हणाले, ज्याच्या दोरीला होता त्यानं ह्याला पोटभर खायला दिलं असतं, तर तुमचा देव आज बार्शीच्या बाजारात कोलांट्या मारत असता.

माणिकशेट हसला. तेव्हा सगळंच हसण्यावारी जात होतं.

मग संक्रांत झाल्यानंतरची एक सकाळ. कुर्डुवाडीची गाडी लागलेली, हॉटेल भरलेलं, मी चुरमुऱ्यांचा सुशीला खात कोपऱ्यात. माकड बाहेरून कप घेऊन आलं, नेहमीसारखं फिरलं, लोकांनी चहा ओतला, ते प्यालं आणि त्यानं कप उष्ट्या कपांच्या टोपल्यात टाकला. पुन्हा बाहेर गेलं, दुसरा कप घेऊन आलं, पुन्हा तेच. कुणाच्याच लक्षात आलं नाही. अप्पांनी टोपलं उचललं, कप राखेनं घासले, दोनदा उकळत्या पाण्यातनं काढले आणि त्याच कपांतून पुढचा चहा दिला. तेवढ्यात सटवाजी टपावरून उतरून दाराशी आला आणि म्हणाला, अप्पा, कोनाड्यात कप न्हाईत.

प्रत्येकानं आपल्या हातातल्या कपाकडं पाहिलं. मीही पाहिलं. पांढरा, निळ्या काठाचा. कुणीतरी कप इतक्या घाईनं खाली ठेवला की चहा सांडला. माणिकशेट उठून बाहेर गेला, गुळण्या करून आला आणि शांतपणे म्हणाला, की अप्पा, जे झालं ते मुक्या जनावराकडून झालं, तुमचा दोष नाही. हे सगळे कप फोडून टाका, हॉटेलात गोमूत्र शिंपडा, आम्ही उद्यापासून परत येतो.

त्यानं वाट दिली होती. कुणीही ती घेतली असती. अप्पांनी टोपल्यातला एक कप उचलला, उजेडात धरून फिरवून पाहिला. टवका शोधत असावेत. सापडला नाही.

"ह्यो फुटलेला न्हाय," ते म्हणाले. "फुटला न्हाय त्यो कप म्या फोडत न्हाय."

माणिकशेट म्हणाला की हट्ट करू नका, धर्माचा प्रश्न आहे. तेव्हा अप्पांचा आवाज चढला नाही, खाली आला. त्यांचा खालचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"माकडाचं उष्टं तुमी परसाद म्हणून पिलाव. ह्यानं तर कप राखंनं घासून ठिवलाय."

"ते देवाचं रूप हाय, अप्पा."

"मग सटवाजी कुणाचं रूप हाय, तेवढं सांगून जावा."

माणिकशेट निघाला. त्याच्यामागं हॉटेल रिकामं झालं. अप्पांनी सटवाजीला हाक मारली, आत ये, बस म्हणाले. तो दारातच उभा राहिला. अप्पांनी पुन्हा बस म्हटलं, आणि या वेळी त्यांच्या नेहमीच्या रागानं. तेव्हा सटवाजी जे बोलला ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते ऐकून अप्पा खाली बघू लागले होते.

"अप्पा, बारा वरसं तुमी वरनं वतलाव. तवा म्या कुणाचं रूप व्हतो?"

मग अप्पा म्हणाले, "चुकलंच ते. माझंच चुकलं." त्यांनी चहा केला, पहिल्या बाकड्यावर, माणिकशेटच्या जागेसमोर कप ठेवला आणि हात बांधून उभे राहिले. सटवाजी आला, बसला, सावकाश पूर्ण कप प्याला आणि धुवायला उठला. अप्पांनी कप त्याच्या हातातनं काढून घेतला. धुणं माझं काम हाय, म्हणाले.

अप्पा सुधारक नव्हते. ते एका कपावरून हटून बसले आणि त्या हट्टानं त्यांना जिथं नेलं तिथपर्यंत गेले. मला वाटतं पुष्कळ सुधारक एवढंही जात नाहीत.

गावानं बंदी वगैरे घातली नाही. दवंडी नाही, पंचायत नाही. लोक फक्त येईनासे झाले. बाजारातल्या दुसऱ्या हॉटेलात टवके उडालेल्या कपांतून, वर माशी बसलेला चहा पिऊ लागले. दूधवाला अप्पांकडं उशिरा, मग पाणी घालून, मग येईनासाच झाला. सटवाजीला सामान मिळेना, तरी तो रोज येऊन पहिल्या बाकड्यावर बसे. अप्पा रोज भट्टी पेटवत, दोन डझन कप घासत आणि रिकाम्या बाकड्यांवर खेकसत. माकडही गेलं. खाऊ देणारे जिकडं गेले तिकडं ते गेलं. त्याला दोष देत नाही, त्याला तेवढंच शिकवलं होतं.

आणि मी? मला हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं की तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे, कुठं चहा पिता ते जरा बघत जा. मी बघू लागलो. आधी आठवड्यातनं दोनदा जायचो, मग पाठीमागच्या दारानं, मग बरं नाही असा निरोप धाडून अजिबात नाही. हॉटेलासमोरून जाताना मी पुस्तक वाचत चालायला शिकलो. काशाक्का एकदा बाजारात भेटल्या, तेव्हा मास्तर, तुमाला सुशीला केला व्हता, एवढंच म्हणाल्या.

अप्पांचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. माझी बदली अणदूरला झाली आणि दोनेक वर्षांनी कळलं की अप्पा गेले. सकाळी गेले, आणि उचलायला चौघं मिळेपर्यंत दुपार झाली. सटवाजी, त्याचे दोन भाऊ आणि कुर्डुवाडीच्या गाडीचा ड्रायव्हर. हे ऐकलं तेव्हा मी वर्गात शिकवत होतो आणि शिकवत राहिलो.

माकडाला मात्र चौघं शोधावे लागले नाहीत. ते अप्पांच्या आधी, मी परंड्यातच असताना, त्याच वैशाखात मेलं. भक्तांनी चारून चारून मारलं असं माझं मत आहे, दर शनिवारी लाडू आणि बाकीचे दिवस जिलबी, कुणाचंही पोट फुटेल. सकाळी ते पिंपळाखाली पडलेलं सापडलं आणि गावात रडारड झाली. बाजार बंद झाला. भजनी मंडळ आलं, ताशा आला, गुलाल आला. माणिकशेटनं दुकानातलं नवं धोतर त्याच्या अंगावर घातलं आणि स्वतः डोकं भादरून घेतलं. त्याच्यामागं आणखी अकरा जणांनी. तिरडी खांद्यावर घ्यायला भांडणं झाली. शाळाही निघाली रांगेनं, मुलांच्या हातात पताका आणि मी रांगेच्या शेवटी, शिस्त ठेवायला.

स्टँडशेजारच्या मोकळ्या जागेत, अप्पांच्या हॉटेलाला लागूनच, खड्डा खणला होता. सगळं उरकेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. माणसांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. गावातली सगळी हॉटेलं महाराजांच्या शोकात बंद होती. उघडं होतं ते एकच.

अप्पांनी बाहेरची दोन्ही बाकडी जोडून ठेवली होती. त्यावर दोन डझन कप, पांढरे, निळ्या काठाचे, ओळीनं, चहानं भरलेले. शेजारी गार पाण्याचा रांजण. अप्पा मागं उभे होते, कपाळाला ताजं भस्म, बाराबंदी धुतलेली. सटवाजी दारात बसला होता.

"उन्हाचं आलाव," अप्पा म्हणाले. "माकडाला खांदा दिलाव, दमला असाल. च्या घ्या."

कुणी थांबलं नाही. माणिकशेट ओल्या धोतरात, भादरलेल्या डोक्यावर उपरणं घेऊन, दुसरीकडं बघत निघून गेला. त्याच्यामागून ते अकरा जण गेले. मग भजनी मंडळ, मग ताशेवाले. एक ताशेवाला रांजणापाशी जरा घुटमळला, तर त्याला पाठीत ढोसून पुढं ढकललं. शेवटी शाळेची रांग आली, आणि रांगेच्या शेवटी मी.

अप्पांनी एक कप उचलला आणि माझ्यासमोर धरला. मी तहानेनं मरत होतो. समोर पन्नास पावलांवर हेडमास्तर वळून बघत उभे होते. मी अप्पांकडं पाहिलं, हेडमास्तरांकडं पाहिलं आणि माझे दोन्ही हात पाठीमागं गेले. मी ते नेले नाहीत, ते गेले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. ते खोटं आहे. मीच नेले.

टाकलेला चहा अप्पांना कधी बघवला नाही. त्यांनी तो कप माझ्याकडं बघत स्वतःच संपवला, शेवटच्या घोटापर्यंत. मग रांजणातल्या पाण्यानं विसळला, दारातून बाहेर आले आणि भिंतीतल्या त्या रिकाम्या कोनाड्यात पालथा ठेवला.

"ह्यो तुमचा, मास्तर," ते म्हणाले. "कवा बी या. वरनं वतीन."